लंडनमध्ये आईबाबांसाठी ४ रात्री: सॅव्हॉय, ताज, शार्ड की सेंट पँक्रस?

ठाण्याची_मैना:
नमस्कार मंडळी. येत्या जूनमध्ये आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. बाबा ७६, आई ७२. मी आणि दादाने ठरवलंय की दोघांना लंडन दाखवायचं आणि राहायचं ते खरोखर चांगल्या, नावाजलेल्या हॉटेलातच. बाबांनी मध्य रेल्वेत ३६ वर्षं काढली. लहानपणी आम्ही जिथे कुठे गेलो तिथे रेल्वेचं हॉलिडे होम नाहीतर नातेवाइकांचं घर, चादरी-उशा सुद्धा घरून नेलेल्या. हॉटेल म्हणजे पैसे पाण्यात, हे त्यांचं ठाम मत, त्यामुळे दर त्यांना कळू द्यायचा नाहीये :)

डोक्यात चार नावं आहेत. सॅव्हॉय, कारण आईला नदी बघत तासन्‌तास बसायला आवडतं. बकिंगहॅम गेटचं ताज, कारण आपली माणसं आणि आपलं जेवण. सेंट पँक्रस स्टेशनला लागून असलेलं जुनं हॉटेल, त्याचा फोटो बघून मला क्षणभर व्हीटीच वाटलं. आणि शार्ड ह्या उंच काचेच्या टॉवरमधलं शांग्री-ला, हा दादाचा हट्ट.

बजेट रात्रीला ५०० पौंडाच्या आसपास, एखाददुसऱ्या रात्री वर गेलं तरी चालेल. मी स्वतः जवळच्या साध्या हॉटेलात राहीन. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. आईला पहाटे साडेपाचला चहा लागतो आणि ती अंडंही खात नाही. बाबांची मागणी एकच, लॉर्ड्स.

कुणी राहिलंय का? स्वतःचे अनुभव सांगा प्लीज.

जोशीबुवा_हॅरो:
पन्नाशीच्या शुभेच्छा आधी! २२ वर्षं इथे आहे, दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं. माझं मत विचाराल तर हॉटेल निवडायच्या आधी चार दिवस काय करणार ते ठरवा. चारही हॉटेलं 'मध्यवर्ती' आहेत पण चार दिशांना आहेत. ताजवरून बकिंगहॅम पॅलेस आणि सेंट जेम्स पार्क अगदी चालत. सॅव्हॉय स्ट्रँडवर, मागे थेम्स, कॉव्हेंट गार्डन पाच मिनिटं. शार्ड नदीच्या दक्षिणेला लंडन ब्रिजपाशी. सेंट पँक्रसला जवळ बघण्यासारखं म्हणजे ब्रिटिश लायब्ररी, पण ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, लाइन सहा, कुठेही जा. त्या वयात दिवसातून दोनदा खोलीवर येऊन पडायला मिळणं ही खरी चैन आहे, बाकी झुंबरं वगैरे नंतर.

हिशेबनीस:
मला पटत नाही. चार रात्रींचे दोन हजार पौंड म्हणजे दोन लाखांच्या वर गेले. दिवसभर बाहेर फिरणार, रात्री डोळे मिटल्यावर स्वस्तातलं प्रीमियर इन काय आणि सॅव्हॉय काय. तेवढ्यात आईंना चांगली पाटली होईल.

शेवंती:
@हिशेबनीस, पाटली माझ्या सासूबाईंनाही केली होती, ती लॉकरमध्ये आहे. सॅव्हॉयच्या खिडकीत शाल गुंडाळून बसलेला त्यांचा फोटो मात्र हॉलमध्ये आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्या अजून ती गोष्ट सांगतात.

मैना, आम्ही सॅव्हॉयला दोन रात्री राहिलो होतो त्यामुळे सविस्तर लिहिते. हे हॉटेल १८८९ साली सुरू झालं, तेव्हा विजेचे दिवे आणि विजेवर चालणारी लिफ्ट ही मोठीच नवलाई होती. सेझार रिट्झ मॅनेजर आणि एस्कॉफिए मुख्य शेफ, म्हणजे आज आपण ज्याला लक्झरी हॉटेल म्हणतो त्याची बरीचशी घडी तिथे बसली. पीच मेल्बा हा गोड पदार्थ तिथलाच. दारासमोरचा जो छोटा रस्ता आहे त्याच्यावर गाड्या उजवीकडून चालतात, सगळ्या देशात डावीकडून आणि तिथे उजवीकडून, आमच्या ह्यांनी टॅक्सीवाल्याला घाबरून विचारलं होतं. आणि जेवणाच्या टेबलावर १३ माणसं झाली की चौदाव्या खुर्चीत कास्पर नावाचं काळं लाकडी मांजर बसवतात, त्याला रुमालही बांधतात.

पण महत्त्वाचं हे की नदी सगळ्या खोल्यांमधून दिसत नाही! नदीची खोली हवी असेल तर 'रिव्हर व्ह्यू' असं स्पष्ट लिहिलेलीच घ्यायची आणि ती तुमच्या बजेटच्या बरीच वर जाणार. मोने ह्या फ्रेंच चित्रकाराने वॉटर्लू ब्रिजची चित्रं ह्याच हॉटेलातून काढली, तोच देखावा आहे. ते जमत नसेल तर सॅव्हॉयला राहू नका, नुसता चहा प्या. रस्त्याकडची खोली घेऊन आईंना नदी दाखवायला खाली नेणार असाल तर तो नदीकाठच्या एंबँकमेंटवरचा बाक फुकट आहे.

ऊनपाऊस:
शेवटचं वाक्य +१००

कडीपत्ता:
बाथरूम! कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. आम्ही आईला घेऊन लंडनच्या एका मोठ्या नावाच्या हॉटेलात राहिलो (नाव घेत नाही, जुनी गोष्ट आहे). संगमरवरी बाथरूम, सोनेरी नळ, आणि अंघोळ करायची तर गुडघ्याच्या वर काठ असलेल्या टबात चढून. आई दुसऱ्या दिवशी घसरली, नशीब हाड मोडलं नाही पण उरलेले तीन दिवस ती त्या बाथरूमला घाबरून अंग पुसून घ्यायची. एवढे पैसे भरून आईला अंग पुसून घ्यावं लागलं हे मला अजून लागतं. तर बुकिंग करताना ईमेलवर लेखी विचार की टब नसलेला, सपाट जमिनीचा शॉवर आहे का, आणि धरायला दांडा आहे का. 'अ‍ॅक्सेसिबल रूम' मागायला लाजायचं नाही. नुसतं फोनवर 'येस मॅडम' म्हणतात ते धरू नकोस. आणि हो, स्प्रे बहुतेक ठिकाणी नसतो, प्लास्टिकचा मग बॅगेत टाकायचा.

ठाण्याची_मैना:
@कडीपत्ता, बाप रे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, बाबांना टबात पाय उचलून टाकणं शक्यच नाही. आजच सगळ्यांना ईमेल करते. @शेवंती, ते मांजर मला बघायचंय आता!

लाल_डबा:
बाबा रेल्वेत होते म्हणताय आणि तरी अजून चार नावं? ताई, प्रश्न सुटलेला आहे. सेंट पँक्रस!!

सविस्तर सांगतो, मी रेल्वेवेडा आहे. स्टेशन १८६८ चं. त्याचं छप्पर विल्यम बार्लो ह्या इंजिनियरने बांधलं, २४० फूट रुंदीची एकच कमान, मध्ये एक खांब नाही, बांधलं तेव्हा जगात एवढी मोठी कमान दुसरी नव्हती. फलाट जमिनीपासून वर उचललेले आहेत आणि खालचं तळघर बियरची पिंपं ठेवायला, बर्टन गावाहून बियर यायची ना, तर खांबांमधली अंतरंसुद्धा पिंपांच्या मापाने ठरवलेली. आज तिथूनच लोक युरोपला जाणाऱ्या युरोस्टार गाडीला चेक-इन करतात. पुढची लाल विटांची इमारत म्हणजे मिडलंड ग्रँड हॉटेल, १८७३ साली उघडलं. खोल्या शेकड्याने आणि बाथरूम मोजकीच, त्या काळी नोकर खोलीत पाणी आणून देत. मजल्यांचं बांधकाम इतकं भक्कम की नंतर नळ घालणं परवडेना, १९३५ ला बंद पडलं. मग रेल्वेची ऑफिसं. साठच्या दशकात पाडायलाच निघाले होते, लोकांनी चळवळ केली, कवी जॉन बेट्जमन त्यात पुढे होता. १९६७ ला सर्वोच्च श्रेणीचा वारसा दर्जा मिळाला आणि इमारत वाचली. त्याचा पुतळा स्टेशनात आहे, डोक्यावरची हॅट धरून छपराकडे बघतोय. २०११ ला पुन्हा हॉटेल झालं.

मी तिथे राहिलो नाहीये हे प्रामाणिकपणे सांगतो, पण जिना बघायला दोनदा गेलोय. तो दुहेरी जिना आणि वर निळं, ताऱ्यांचं छत, बघत राहावं.

गिरगावचा_घुमट:
@लाल_डबा, ह्यात मुंबईचा धागा राहिला. हे हॉटेल बांधणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाचं कॉन्व्होकेशन हॉल आणि राजाबाई टॉवर ज्याने डिझाइन केला तोच! मुंबईला न येता, लंडनमध्ये बसून नकाशे पाठवले. बाबा रोज व्हीटीला जायचे तर फोर्टात राजाबाई टॉवरचे टोले त्यांनी ऐकलेच असणार.

पोटोबा:
आणि व्हीटी तर सेंट पँक्रसचीच नक्कल आहे ना?

गिरगावचा_घुमट:
नक्कल नाही हो, हे वाचलं की मला त्रास होतो. फ्रेडरिक स्टीव्हन्स युरोपातली स्टेशनं बघून आला होता हे खरं, सेंट पँक्रसची छाया आहे हेही खरं. पण व्हीटीचा मधला घुमट, दगडातले मोर, माकडं, पानंफुलं, जे जे स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेलं कोरीव काम, हे तिकडे कुठे आहे? चुलतभाऊ म्हणा. आणि माझ्या मते आपला भाऊ जास्त देखणा.

मुक्काम_पोस्ट_रीडिंग:
सेंट पँक्रसला आम्ही राहिलोय, लग्नाच्या वाढदिवसालाच. एक गोम लक्षात ठेवा. बहुतेक खोल्या मागच्या नव्या विंगमध्ये आहेत, बार्लो हाउस, त्या स्वच्छ, शांत, छान आहेत पण कुठल्याही चांगल्या हॉटेलसारख्याच. जुन्या इमारतीतल्या उंच छताच्या खोल्या म्हणजे 'चेंबर्स' स्वीट, त्या मोजक्या, आणि महाग. आम्ही पहिल्या वेळी न बघता स्वस्तातली घेतली आणि बायको म्हणाली, हे फोटोतलं हॉटेल कुठाय? चूक आमचीच, नीट वाचलं नव्हतं. काही खोल्यांमधून थेट स्टेशनच्या छपराखालचे फलाट दिसतात, ते मुद्दाम मागून घ्यावं लागतं. हीथ्रोवरून पिकॅडिली लाइन सरळ किंग्ज क्रॉसला येते, बदलायला नको, पण तासभर लागतो आणि बॅगा घेऊन त्या वयाला नको. काळी टॅक्सी करा, ऐंशी-शंभर पौंड जातील पण बसायला सोपी आणि दारात उतरवते.

दुपारी ३ च्या आधी खोली मिळत नाही हे सगळीकडेच. मुंबईची फ्लाइट सकाळी पोचत असेल तर तासन्‌तास लॉबीत बसावं लागेल, त्यामुळे लवकर खोली द्या म्हणून आधीच लिहून ठेवा.

ऊनपाऊस:
शार्डबद्दल. नवऱ्याच्या ऑफिसतर्फे एक रात्र मिळाली होती. ३४व्या मजल्यापासून ५२व्यापर्यंत हॉटेल आहे, रिसेप्शनच ३५व्यावर. जमिनीपासून छतापर्यंत काच. स्वच्छ हवा असेल तर अख्खं लंडन पायाखाली, आमच्या नशिबात दिवसभर ढग होते त्यामुळे पांढरा पडदा. ज्यांना उंचीची भीती त्यांनी विचारसुद्धा करू नये, माझे सासरे काचेपासून चार फूट लांबच उभे होते. तरुण जोडप्याला उत्तम. पन्नाशीच्या लग्नाला मला ते थोडं परकं वाटतं.

सांजवात:
ताजबद्दल कुणी लिहीत नाहीये म्हणून. आम्ही आईबाबांना घेऊन तिथे होतो पाच रात्री. मधे अंगण आहे, कारंजं, भिंतीवर शेक्सपियरच्या नाटकांतल्या प्रसंगांची विटांची लांबलचक शिल्पपट्टी. बाबा सकाळी पेपर घेऊन तिथे बसायचे, आई पार्कात बदकं बघायला. शेजारीच त्यांचे ५१ बकिंगहॅम गेटचे स्वीट आहेत, त्यात स्वयंपाकघर असतं. आईने तिसऱ्या दिवशी तिथे मऊ भात-तूप-मेतकूट केलं आणि दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. सकाळचा साडेपाचचा चहा तर सुटलाच, दूध फ्रिजमध्ये, गॅस हाताशी. क्विलॉन नावाचं त्यांचं रेस्टॉरंट आहे, केरळ-कर्नाटक किनाऱ्याचं जेवण, मिशलिन स्टार असलेलं, शाकाहारी पण भरपूर. रिसेप्शनवरची एक मुलगी साताऱ्याची निघाली, आईने तिला लाडू दिले.

आपण लंडनला जाऊन परत भारतीय हॉटेलात का राहायचं असं मलाही वाटलं होतं. पण म्हाताऱ्या माणसांना नव्या गावात निम्मा वेळ तरी आपल्यासारखं वाटलं पाहिजे, तरच उरलेला निम्मा वेळ ती उत्साहाने बाहेर पडतात.

अजून एक. तू वेगळ्या साध्या हॉटेलात राहणार म्हणतेस ते नको करूस गं. रात्री दोनला बाबांना काही झालं तर? दोन बेडरूमचा स्वीट घे नाहीतर आतून दार असलेल्या दोन खोल्या माग.

जोशीबुवा_हॅरो:
सांजवात ह्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. एकत्रच राहा.

हिशेबनीस:
बरं, माझा विरोध मागे घेतो, मांजर आणि मेतकूट वाचून मन पाघळलं. पण निदान हिशेब तरी नीट करा. इथे व्हॅट २०% आहे. दिसणाऱ्या दरात तो धरलाय की नाही हे शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा, काही महागडी हॉटेलं तो मागून लावतात. रेस्टॉरंटच्या बिलात साडेबारा टक्क्यांच्या आसपास सर्व्हिस चार्ज आधीच असतो, तो ऐच्छिक असतो आणि वर पुन्हा टिप द्यायची गरज नाही. खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो ही जुनी गोष्ट, २०२१ पासून ते बंद झालंय, विमानतळावर शोधत बसू नका. आणि जूनचे दर चढेच असतात, पैसे परत मिळणारं बुकिंग आत्ताच करून ठेवा.

पोटोबा:
चहाबद्दल. रिट्झ हॉटेलात दुपारच्या चहाला पुरुषांना जॅकेट आणि टाय सक्तीचा आहे, बाबांना सांगून ठेवा. शाकाहारी चहा सगळीकडे मिळतो पण अंडं नको हे वेगळं सांगायला लागतं कारण केक, स्कोन, सगळ्यात असतं. दोन दिवस आधी कळवायचं, बिनअंड्याचं करून देतात. आणि खरं खाणं हवं असेल तर हाउन्स्लोला श्रीकृष्ण वडापाव!

शेवंती:
अवांतर: मैना, जूनमध्ये संकष्टी येते का त्या तारखांना बघ. सासूबाईंचा उपास होता आणि लंडनला तेव्हा सूर्यच सव्वानऊला मावळतो, चंद्र उगवेपर्यंत मध्यरात्र! सॅव्हॉयच्या माणसाने बिचाऱ्याने रात्री बाराला फळं आणि गरम दूध आणून दिलं, का ते समजल्यावर तोही खिडकीपाशी चंद्र शोधायला उभा राहिला.

ठाण्याची_मैना:
@शेवंती, आई संकष्टी करते!! आता पंचांग बघते.

गिरगावचा_घुमट:
अवांतर चाललंच आहे तर, आईबाबांना फक्त राजाराणीचे महाल नका दाखवू. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड, तिथे बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहायचे, महाराष्ट्र सरकारने २०१५ ला ते घर घेतलं, आत संग्रहालय आहे. आणि लिटल व्हेनिसजवळ १०, हाउली प्लेस, चिरोल ह्या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी आले तेव्हा लोकमान्य तिथे राहत, १९१८-१९. बाहेर निळी पाटी आहे. मी त्या पाटीसमोर उभा राहिलो तेव्हा सोबत कुणी मराठी माणूस हवा होता असं फार वाटलं.

मुक्काम_पोस्ट_रीडिंग:
ही दोन्ही ठिकाणं आणि लॉर्ड्स साधारण एकाच बाजूला पडतात, एक दिवस टॅक्सीने करा. लॉर्ड्सची टूर आधी बुक करावी लागते आणि सामन्याच्या दिवशी नसते, जूनमध्ये सामने असतात, तारखा बघा. ८३ चा कप जिथे कपिलने हातात घेतला ती बाल्कनी बघायला मिळते.

लाल_डबा:
लॉर्ड्सवरून आठवलं, मेरिलबोन स्टेशनसमोरचं लँडमार्क हॉटेल पण बघा. तेही १८९९ चं रेल्वे हॉटेलच, नंतर बरीच वर्षं ब्रिटिश रेल्वेचं मुख्यालय होतं. मधे काचेचं छप्पर आणि ताडाची झाडं. लॉर्ड्स तिथून जवळ. पण बाबांना मी सेंट पँक्रसच देईन. बाबा रेल्वेत कुठल्या खात्यात होते, ऑपरेटिंग का?

ठाण्याची_मैना:
नाही, कमर्शियल. व्हीटीलाच बुकिंग ऑफिसात क्लार्क म्हणून लागले १९७२ ला. खिडकीवर बसायचे, ते पुठ्ठ्याचं तिकीट आणि तारखेचा ठोकळा. आई त्यांना तिथेच पहिल्यांदा भेटली, कर्जतचं तिकीट काढताना.

लाल_डबा:
थांबा थांबा थांबा. सेंट पँक्रसच्या हॉटेलात जे रेस्टॉरंट-बार आहे ना, ती जागा म्हणजे स्टेशनचं मूळ तिकीट ऑफिस. नावातच 'बुकिंग ऑफिस' आहे. उंच छत, विटांच्या कमानी, जुनं लाकूडकाम तसंच जपलंय.

शेवंती:
अंगावर काटा आला.

सांजवात:
मैना, माझं ताजचं मत मी मागे घेत नाही, पण पन्नासाव्या वाढदिवसाचा दिवस तिथेच काढ गं.

हिशेबनीस:
चेंबर्स स्वीट घ्या. मी सांगतोय.

ठाण्याची_मैना:
मंडळी, तीन दिवसांनी लिहितेय. दादाशी दोन रात्री भांडून शार्ड एकदाचं बाद झालं. शेवटी असं ठरलं: पहिल्या दोन रात्री सेंट पँक्रसला जुन्या इमारतीत, आईबाबा आणि मी शेजारी शेजारी, दर बजेटच्या बाहेर आहे पण आम्ही दोघांनी वाटून घेतलाय. टब नको, सपाट शॉवर आणि दांडा, हे लेखी आलंय. फलाटाकडची खोली 'प्रयत्न करू' म्हणालेत. मग दोन रात्री ताजचा स्वयंपाकघरवाला स्वीट, म्हणजे दगदगीनंतर आईला तिचा चहा आणि मेतकूट. सॅव्हॉयला एक दुपार चहा, बिनअंड्याचा, आणि मांजराची भेट. संकष्टी तारखांच्या बाहेर आहे, सुटले.

१४ जूनला संध्याकाळी सातला बुकिंग ऑफिसमध्ये तिघांचं टेबल घेतलंय. बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही. काल सहज म्हणून त्या इमारतीचा फोटो दाखवला तर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "ह्याचा मेन लाइनचा बुकिंग हॉल कुठल्या अंगाला आहे गं?"

@लाल_डबा, ते पुठ्ठ्याचं जुनं तिकीट ठाणे-मुंबईत कुठे मिळेल का? व्हीटी ते कर्जत, १९७४ च्या आसपासचं. आईच्या हातात तिथे द्यायचंय.

लाल_डबा:
माझ्याकडे जुन्या एडमंडसन तिकिटांचे दोन अल्बम आहेत. कर्जत आहे का आज रात्री काढून बघतो. व्हीटीचं नसलं तर दादर ते कर्जत नक्की आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.